सूर्याला तीट

"मंजू, शेळी! शेळी बघ! तोंडातून काढ ते!"

आत्या ओरडली तेव्हा मी जीपच्या बॉनेटवर बसून केळं सोलत होते. खाली पाहिलं तर एक तांबडी शेळी आमचा सोलर फिल्टर चावत होती. अगदी निवांत, डोळे अर्धवट मिटून, पापड खावा तशी. मी केळं टाकून तिच्या मागे धावले. माझ्या मागून शैलाआत्या धावली, वय वर्षं एक्कावन्न, कन्याशाळेत भूगोलाची शिक्षिका, पदर कमरेला खोचलेला. आणि आत्याच्या मागून पोतदारकाका धावले, कारण आत्याच्या हातात त्यांची लेन्स होती.

"मॅडम, पळू नका! अहो, लेन्स घेऊन पळू नका!"

शेळीला वाटलं असावं, ही माणसं खेळायला आलीत. तिनं भैरोबाच्या देवळाभोवती दोन फेऱ्या मारल्या. आम्हीही मारल्या. तिसऱ्या फेरीला शेळ्यांची मालकीण गोदाक्का देवळाच्या कोपऱ्याआडून पुढे आली, तिनं शेळीचा कान धरला, तोंडात दोन बोटं घातली आणि फिल्टर ओढून काढला.

"घ्या," लुगड्याला पुसत ती म्हणाली. "लई न्हाई खाल्लं."

फिल्टर म्हणजे पुठ्ठ्याच्या कड्यात ताणून बसवलेला चंदेरी कागद. तो लेन्सच्या तोंडावर असला तरच कॅमेरा सूर्याकडे रोखता येतो. नसला तर लेन्समधून एकवटलेलं ऊन कॅमेऱ्याच्या आतलं सगळं जाळतं, आणि मागे डोळा असेल तर डोळाही. त्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी तो बाद. आमच्या फिल्टरची आता चाळणी झाली होती. पुण्याहून मागवलेला, एकुलता एक. आणि सांभाळायची जबाबदारी माझी होती.

"वाजले किती?" आत्यानं विचारलं.

"नऊला दहा कमी," पोतदारकाका म्हणाले. लेन्स एव्हाना त्यांच्या हातात परत गेली होती आणि ते तिला चारही बाजूंनी तपासत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण तारीख विसरणं शक्य नाही. सहा जून दोन हजार बारा. त्या सकाळी शुक्र सूर्याच्या समोरून सरकत होता. सूर्य उगवला तेव्हाच तो सूर्यबिंबावर होता आणि दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास पलीकडे उतरणार होता. त्यानंतर असं पुन्हा घडणार होतं एकशे पाच वर्षांनी. त्याआधीचं दोन हजार चारमध्ये झालं, तेव्हा आत्या आजीला घेऊन दवाखान्यात बसली होती. ते हुकलं. तेव्हापासून आठ वर्षं तिनं ही तारीख मनात धरून ठेवलेली. आठवीच्या मुलींना फोटो दाखवायचं कबूल करून बसली होती. म्हणून पहाटे सोलापुरातून निघून आम्ही तासाभराच्या अंतरावरच्या या माळावर आलो होतो. जीप मी चालवली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि बाबांनी बजावलं होतं, "आत्याला सांभाळ." फिल्टर सांभाळायचं मात्र आत्यानं सांगितलं होतं, आणि तेही मला जमलं नव्हतं.

आणि सूर्य? तो सकाळपासून एकदाही दिसला नव्हता. आभाळ राखेनं घासून ठेवलेल्या परातीसारखं होतं.

पोतदारकाका सोलापुरात लेन्स आणि कॅमेरे दुरुस्त करायचे. चौपन्न वर्षांचे, बारीक अंगाचे, एकटे राहणारे. खिशात पेनाऐवजी दोन स्क्रू-ड्रायव्हर. त्यांची चारशेची लेन्स, म्हणजे ती हातभर लांबीची, लांबचं जवळ आणणारी, आत्यानं उसनी मागितली, तर ते म्हणाले, "लेन्स एकटी कुठे जात नाही. मी येतो बरोबर." अख्खा रस्ता ती मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले होते. खड्डा आला की लेन्स वर उचलायचे आणि स्वतः आपटायचे.

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. मला रडू यायच्या बेतात होतं.

"शेळीमुळे झालं," आत्या म्हणाली. "पोतदार, काहीतरी सुचवा."

पोतदारकाकांनी हळूच खिशातून कागदात गुंडाळलेली एक चौकोनी काच काढली. जवळजवळ काळी.

"वेल्डिंगच्या मुखवट्यातली आहे. चौदा नंबर, सगळ्यात गडद. नुसत्या डोळ्यांनी सूर्य बघायला आणली होती."

"डोळ्यांनी कोण बघतंय! लेन्सला लावा."

"पण ही लहान आहे, लेन्सचं तोंड मोठं. मध्ये पुठ्ठा घालून त्याला काचेपेक्षा लहान गोल भोक पाडायला लागेल. पुठ्ठा जाड पाहिजे. आतून ऊन झिरपलं तर..."

तिघांचीही नजर एकाच वेळी जीपच्या मागच्या सीटकडे गेली. तिथं लेन्सचा मूळ खोका होता. काळा, जाड, नऊ वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला, एकही कोपरा न दबलेला.

"नाही," पोतदारकाका म्हणाले.

आम्ही काहीच बोललो नव्हतो.

"कंपनीचा खोका आहे तो. असा खोका आता मिळत नाही."

 आत्या फक्त आभाळाकडे बघत राहिली. पोतदारकाका पाच पावलं लांब गेले, देवळाच्या पायरीजवळ थांबले, परत आले, पिशवीतून ब्लेड काढलं आणि मला म्हणाले, "मंजू, तू तिकडं बघ जरा." आणि त्यांनी खोक्याचं झाकण कापलं. एका दमात.

भोक आखायला आत्यानं पर्समधून बामच्या बाटलीचं झाकण काढून दिलं. काच पुठ्ठ्याच्या मागून बसवून काळ्या चिकटपट्टीनं चहूबाजूंनी बंद केली. मग तो सगळा जुगाड लेन्सच्या तोंडावर चढवून पुन्हा चिकटपट्टीचे वेढे. लेन्स मलमपट्टी केलेल्या माणसासारखी दिसायला लागली. लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये टेलिकन्व्हर्टर लावला, म्हणजे चारशेची लेन्स आठशेची होते. आत्यानं कॅमेरा चालू केला.

पडद्यावर लाल अक्षरं आली. लेन्सशी संपर्क होत नाही म्हणे.

"बंद करून परत चालू कर," मी म्हटलं. केलं. परत तेच.

"आतले ते पितळी ठिपके मळले असतील," आत्या म्हणाली आणि पर्समधून खोडरबर काढलं.

"खोडरबर?" पोतदारकाकांचा आवाज चिरकला. "मॅडम, ती लेन्स आहे, शुद्धलेखनाची वही नाही!"

"आमच्या शाळेच्या प्रोजेक्टरला चालतं."

"त्याचा चुरा आत जातो! द्या इकडे."

त्यांनी लेन्स उतरवली, स्पिरिटचा बोळा फिरवला, फुंकणीनं धूळ उडवली, आणि मग कन्व्हर्टर बोटांनी हलवून बघितला. तो डुगडुगला. त्यांनी तो आणखी थोडा फिरवला. *टक.*

"हा आवाज," ते आत्याकडे बघून म्हणाले. "हा आवाज आल्याशिवाय सोडायचं नाही. बसला असं वाटतं, पण बसलेला नसतो."

"खोडरबरानं काम झालंच असतं," आत्या म्हणाली. पण ती हसत होती.

लाल अक्षरं गेली. आणि दहाला पंचवीस कमी असताना गोदाक्का ओरडली, "ऊन पडलं की वो!"

खरंच पडलं होतं. ढगांना पूर्वेकडून एक लांबलचक फट पडली होती आणि तीतून ऊन सरळ आमच्या माळावर उतरलं होतं. आम्ही तिघं एकाच वेळी कॅमेरा बसवलेल्या तिपाईवर तुटून पडलो. माझी कोपरं पोतदारकाकांच्या बरगड्यांत, आत्याचा पाय माझ्या पायावर.

पण आठशेच्या लेन्सनं सूर्य शोधणं म्हणजे काय असतं ते तेव्हा कळलं. एवढा मोठा सूर्य, डोक्यावर आग ओकतोय, आणि पडद्यावर नुसता अंधार. थोडं डावीकडे, अंधार. थोडं वर, अंधार.

"गेला कुठे हा?" पोतदारकाकांना घाम फुटला होता.

"लेन्सकडे नका बघू, सावलीकडे बघा!" आत्या एकदम वर्गातल्या आवाजात म्हणाली. "लेन्सची सावली जमिनीवर बघा. लांबट आहे ना? हलवत राहा. ती सगळ्यात आखूड होईल, अगदी गोल, तेव्हा लेन्स सूर्याकडेच असेल."

पोतदारकाकांनी लेन्स हलवली. जमिनीवरची लांबट सावली आक्रसत आक्रसत वाटोळी झाली आणि पडद्यावर एका कोपऱ्यातून हिरवागार प्रकाश आत घुसला. वेल्डिंगच्या काचेमुळे सूर्य कच्च्या कैरीसारखा हिरवा दिसत होता. आत्यानं टाळ्या वाजवल्या. शाळेत मुलींनी बरोबर उत्तर दिलं की ती वाजवते तशा नाही. लहान मूल वाजवतं तशा.

आता फोकस. लेन्स आपोआप फोकस घ्यायला गेली आणि गुर्रगुर्र करत पुढे-मागे भटकत राहिली. "कन्व्हर्टर लावला की तिला पुरेसा उजेड मिळत नाही, ती चाचपडते," असं म्हणत पोतदारकाकांनी बाजूची कळ दाबली. "आता हातानंच." त्यांनी पडद्यावरचं चित्र दहापट मोठं केलं. सूर्याची कड मुंग्या आल्यासारखी थरथरत होती. वारा तिपाई हलवत होता. मी पिशवी उघडून दगड गोळा करायला लागले, गोदाक्कानं कुणी न सांगता ओटीभर आणून टाकले. पिशवी तिपाईच्या मधोमध लटकवली. थरथर थांबली.

"पण उन्हात पडदा दिसत नाही," पोतदारकाका म्हणाले. "काळं फडकं पाहिजे होतं."

आत्यानं कमरेचा पदर सोडला आणि कॅमेऱ्यावर टाकला. पडदा बघायला तीही आत शिरली. लेन्सचं फोकसचं कडं फिरवायला पोतदारकाका आत. बाहेर उरले मी आणि गोदाक्का, आणि निळ्या सुती पदराखाली दोन डोकी.

"थोडं डावीकडे फिरवा," आतून आत्या.

"हे?"

"हो. हो. गेलं! परत, परत."

"आता?"

"आता छान. नको, थोडं अजून. अहो, हळू!"

"मॅडम, तुमचं डोकं माझ्या हातावर आहे."

"मग हात काढा."

"हात काढला तर फोकस जाईल."

गोदाक्का माझ्याजवळ सरकली. "काय करायल्यात गं ती दोघं आत?"

"फोकस."

"आसंल," गोदाक्का म्हणाली.

मला हसू आवरेना. तोंडावर हात दाबून मी तिपाईपासून लांब झाले, कारण मी हसले तर जमीन हलेल आणि फोटो बिघडेल अशी मला खरोखरच भीती वाटत होती.

मग आतून आवाज बंद झाले. एकदम. आत्याचा हात पदरातून बाहेर आला आणि माझं मनगट धरून तिनं मला आत ओढलं.

हिरवा सूर्य. आणि त्याच्या वरच्या कडेजवळ एक ठिपका. वाटोळा, काळाभोर, कंपासनं काढल्यासारखा. इतका रेखीव की मी आधी पडद्यावर धूळ बसलीय असं समजून बोट लावलं. पोतदारकाकांनी माझ्या बोटावर चापट मारली.

गोदाक्कानंही डोकं घातलं. चार डोकी, एक पदर.

"अगं बया!" ती म्हणाली. "सूर्याला तीट लावलीय की! कुणी लावली?"

आम्ही फोटो काढायला लागलो. बटण दाबतानाही कॅमेरा हलतो म्हणून दोन सेकंदांनी आपोआप क्लिक होईल असं लावलं होतं. मी बटण दाबायचे, आणि चौघंही श्वास रोखून धरायचो. क्लिक. श्वास. पुन्हा. सतरा फोटो झाले. दहाला दोन मिनिटं कमी होती आणि पश्चिमेकडून ढगांची दुसरी फळी वर चढायला लागली होती.

"बास," पोतदारकाका म्हणाले.

त्यांनी कॅमेरा बंद केला, लेन्स सूर्यावरून वळवून जमिनीकडे केली आणि चिकटपट्टी उचकटायला लागले.

"अहो, हे काय करताय?" आत्या म्हणाली. "कड ओलांडतानाचे फोटो राहिलेत! तेच खरे महत्त्वाचे."

"जगभरातले लोक काढतायत ते." पोतदारकाकांनी काच सोडवली, आपल्या चष्म्याच्या फडक्यानं पुसली आणि तिच्यासमोर धरली. "तुम्ही अजून डोळ्यांनी बघितला नाही. आठ वर्षं थांबलात ते काय पडदा बघायला?"

आत्यानं काच घेतली. दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर धरून तिनं मान वर केली.

ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "एवढासा?"



"एवढासा?" ती पुन्हा म्हणाली, आणि हसायला लागली. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग ती मातीत फतकल मारून बसली. एका हातात काच, दुसऱ्या हातानं पोट धरलेलं. आत्याला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. "शेळीच्या लेंडीएवढा आहे, मंजू! लेंडीएवढा!"

"काय झालं गं?" मी घाबरून विचारलं.

तिनं डोळे पुसले. "माझ्या पत्रिकेत शुक्र अस्तंगत आहे. माहितीय तुला? सूर्याच्या इतका जवळ की त्याच्या तेजात जळून गेलेला. लग्न व्हायचं नाही, झालं तर टिकायचं नाही. बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा एका स्थळाकडून ते कळलं. मग प्रत्येक स्थळाकडून. नऊ स्थळं आली गं. पुढं आप्पांनी बघायचंच सोडलं, आणि मी पण म्हणायला लागले की मला नाहीच करायचं."

घरात आम्हाला नेहमी हेच सांगितलेलं होतं. आत्याला लग्नात रस नव्हता.

"मी भूगोल शिकवते," ती म्हणाली. "ग्रहांची अंतरं मला पाठ आहेत. मला सगळं कळतं. पण रात्री झोप लागली नाही की वाटायचं, काहीतरी आहे बुवा. मोठं, माझ्या वाटेत आडवं बसलेलं. म्हटलं, एकदा याला बघायचंच. आणि हा बघ! याहून सूर्याच्या जवळ तो जाऊच शकत नाही. आणि जळलाय का? मजेत चाललाय! फिरायला निघाल्यासारखा!"

ती पुन्हा हसायला लागली आणि मग मीही. कशाला हसतोय ते नीट न कळताच गोदाक्काही हसली. पोतदारकाका तेवढे हसत नव्हते. ते लेन्सवरची चिकटपट्टी सोलत होते, फार बारकाईनं, एकेक धागा.

"पोतदार," आत्यानं खालूनच विचारलं, "तुमची पत्रिका आहे?"

"नाही. कुणी काढलीच नाही. जन्मवेळ आईला आठवत नव्हती."

"वा." मग जरा थांबून, "गेल्या वर्षात मी चार वेळा माझी लेन्स तुमच्याकडे आणली. बुरशी लागली म्हणून."

"हो."

"सोलापूरच्या उन्हात लेन्सला बुरशी लागते?"

"नाही लागत. लेन्स चारही वेळा स्वच्छ होती."

"मग दर वेळी पंधरा-पंधरा दिवस ठेवून का घेत होतात?"

पोतदारकाकांचे कान लाल झाले. "झाली का म्हणून विचारायला तुम्ही मधे येत होता. दोनदा. कधी तीनदा."

वारा सुटला होता. खोक्याचं कापलेलं झाकण मातीत फडफडत होतं, पण कुणी ते उचललं नाही.

"मग लग्न करता का माझ्याशी?" आत्या म्हणाली.

मी श्वास रोखला. क्लिकची वाट बघताना रोखत होते तसा. पोतदारकाकांनी लेन्स छातीशी धरली, मग तिपाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, शेळ्यांकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले. "हो म्हणजे... हो. मी दुसरं काय म्हणणार?"

"काय झालं?" गोदाक्कानं मला कोपरानं ढोसलं.

"लग्न ठरलं."

"कुणाचं?"

"या दोघांचं."

"कवा?"

"आत्ता. आत्ताच."

गोदाक्कानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, मग गाठोडं सोडून गुळाचा एक खडा काढला, दगडावर फोडला आणि चौघांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. मी आणि आत्या हात धरून त्या माळावर गोल गोल फिरलो. मी शेवटची अशी फिरले होते ती सातवीत असताना. आत्याची चप्पल उडाली. पोतदारकाका "मॅडम, तिपाई! तिपाई सांभाळा!" म्हणत मधे उभे राहिले, आणि मग आत्यानं त्यांचाही हात धरला. ते दोन फेऱ्या फिरले. लेन्ससकट.

मोबाइलला रेंज फक्त देवळाच्या वरच्या पायरीवर होती. आत्या तिथं उभी राहून माझ्या बाबांशी बोलली. बाबांचा आवाज इतका मोठा की मला खालीही ऐकू येत होता.

"दादा, मी लग्न करतेय."

"काय करतेयस?"

"लग्न. पोतदारांशी."

"कोण पोतदार?"

"लेन्सवाले."

 मग बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला होता, "कधी?"

"शनिवारी. नऊ तारखेला."

"अगं, या शनिवारी कसं? पंचांग बघितलंस का? मुहूर्तच नाहीत. शुक्राचा अस्त चालू आहे!"

"माहितीय, दादा," आत्या म्हणाली. "आत्ताच बघितला त्याला. म्हणून तर म्हणते, तो उगवायच्या आत उरकून टाकू."

नऊ तारखेला हॉल मिळेल का, याची बाबांना धास्ती होती. मी आणि पोतदारकाका दुसऱ्या दिवशी चौकशीला गेलो. मॅनेजर टेबलावर डोकं ठेवून झोपला होता. त्याला उठवून तारीख सांगितली, तर त्यानं डायरी उघडलीसुद्धा नाही.

"तीन मजले आहेत," तो म्हणाला. "कुठला पाहिजे तो घ्या. त्या दिवशी कुणाचंच लग्न नाही."